तलाव एक, हद्दी तीन: पाणलोटात मोजायचं काय आणि काम सुरू कुठून करायचं?

काठावरून

नमस्कार मंडळी. तलाव साधारण १२० हेक्टरचा, सरासरी खोली ४ मीटर. पाणलोट अंदाजे १८०० हेक्टर आणि तो तीन स्थानिक संस्थांच्या हद्दीत विभागलेला. चार ओढे येऊन मिळतात. वरच्या अंगाला जंगल आणि शेती, मधल्या पट्ट्यात कच्चे रस्ते आणि नवी बांधकामं, काठावर घरं आणि प्रत्येक घराची स्वतंत्र सेप्टिक टाकी. अलीकडे उन्हाळ्यात पाणी हिरवं होतं आणि वारा ज्या दिशेला वाहतो त्या काठाशी रंग सांडल्यासारखा दाट थर साचतो.

तिन्ही हद्दींतल्या लोकांची मिळून एक समिती झाली आहे. आठ-दहा जण नियमित वेळ देतील. थोडा निधी आहे. एक कंपनी तुरटीची मात्रा द्या म्हणते, दुसरी तळाशी हवा सोडणारी यंत्रं बसवा म्हणते. शेती, रस्ते आणि घरं यांपैकी मूळ दुखणं कुठे आहे हे कसं ठरवायचं? स्वयंसेवकांनी केलेली मोजणी शास्त्रज्ञ आणि शासन ग्राह्य धरतील का? आणि तुरटी की यंत्रं?

ओढेमोज

दोन्ही कंपन्यांना सध्या थांबवा. स्फुरद (फॉस्फरस) कुठून येतं हे कळण्याआधी तलावात औषध घालणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

स्फुरदच का, तर गोड्या पाण्याच्या बहुतेक तलावांत शेवाळाची वाढ त्यावरच अडते. कॅनडातल्या ओंटारियोमध्ये प्रयोगांसाठी राखून ठेवलेल्या तलावांपैकी २२६ क्रमांकाचा तलाव १९७३ मध्ये मधोमध पडदा टाकून दोन भागांत तोडला होता. एका भागात कार्बन आणि नत्र दिलं, दुसऱ्यात तेच अधिक स्फुरद. स्फुरद दिलेला भाग हिरवागार झाला, पलीकडचा स्वच्छ राहिला.

तलावातली मोजणी सोपी आहे, तिथून सुरुवात करा. सर्वांत खोल जागी दर दोन आठवड्यांनी पारदर्शकता मोजायची सेक्की तबकडी सोडायची. तबकडी २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतकोरांची, न ताणणाऱ्या दोरीला बांधलेली. दोरी सुती असेल तर ओली झाल्यावर तिची लांबी बदलते, म्हणून खुणा वर्षातून दोनदा तरी टेपने तपासा. वेळ सकाळी १० ते दुपारी ३ च्या दरम्यान, होडीच्या सावलीच्या बाजूने, काळा चष्मा काढून. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी घ्या.

त्याच जागी वरच्या २ मीटर पाण्याचा नळीने एकत्रित नमुना घेऊन एकूण स्फुरद आणि हरितद्रव्य तपासून घ्या. कार्लसनच्या निर्देशांकात (गुण जास्त म्हणजे शेवाळाची वाढ जास्त) पारदर्शकता १ मीटर म्हणजे ६० गुण, २ मीटर म्हणजे ५०, ४ मीटर म्हणजे ४०. पारदर्शकतेवरून काढलेले गुण हरितद्रव्यावरच्या गुणांपेक्षा बरेच जास्त आले, तर पाणी शेवाळाने नाही, मातीने गढूळ आहे. हा एक फरक कळला की रस्ता आणि शेवाळ या दोन वादांची गल्लत थांबते.

खरी मेहनत ओढ्यांवर आहे. भार, म्हणजे ओढ्यातून तलावात जाणारं एकूण स्फुरद, हा पाण्यातली तीव्रता गुणिले प्रवाह. कोरड्या दिवसाचा प्रवाह सेकंदाला ०.०५ घनमीटर आणि स्फुरद लिटरला ०.०३ मिलिग्रॅम धरा, तर दिवसभरात ०.१३ किलो तलावात जातं. तोच ओढा वादळी पावसात सेकंदाला २ घनमीटरने वाहतो आणि स्फुरद ०.४ मिलिग्रॅमवर जातं तेव्हा एका तासात २.९ किलो जातं. म्हणजे पुराचा एक तास हा कोरड्या बावीस दिवसांच्या बरोबरीचा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नमुने घेणारे गट वर्षभर प्रामाणिकपणे राबतात आणि भाराचा मोठा हिस्सा त्यांच्या बाटल्यांत येतच नाही.

प्रवाहासाठी प्रत्येक ओढ्यावर सरळ, स्थिर काठाची जागा निवडून पातळीपट्टी ठोका. वेगमापक नसेल तर १० मीटरचा पट्टा आखून अर्धवट बुडणारी वस्तू सोडा, पाच-सहा वेळा वेळ घ्या आणि आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणा, कारण पृष्ठभाग तळापेक्षा जोरात वाहतो. १० मीटरला २० सेकंद लागले आणि छेद ३ मीटर रुंद, सरासरी ०.४ मीटर खोल असला तर प्रवाह सेकंदाला ०.५१ घनमीटर. वेगवेगळ्या पातळ्यांना अशी आठ-दहा मापं झाली की पातळी आणि प्रवाह यांचा आलेख तयार होतो. मग फक्त पट्टी वाचायची. मोठा पूर तळ खरवडून गेला की आलेख पुन्हा तपासा, नाहीतर पुढचे सगळे आकडे चुकतात. आणि गुडघ्याच्या वर वेगाने वाहणाऱ्या पाण्यात कोणीही उतरायचं नाही, तेव्हा पुलावरून मोजा.

शासन ग्राह्य धरेल का, हे तुमच्या नोंदवहीवर ठरतं. मोजणी सुरू होण्याआधी पद्धत लिहून काढा आणि ती तलावशास्त्राच्या जाणकाराकडून व प्रयोगशाळेकडून तपासून घ्या. दर दहा नमुन्यांमागे एक दुहेरी नमुना आणि एक कोरा, म्हणजे शुद्ध पाण्याचा. कोऱ्यात स्फुरद सापडलं तर नमुना कुठेतरी दूषित होतो आहे, कदाचित बाटली धुताना फॉस्फेटवाला साबण वापरला गेला असेल. बाटल्या १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतलेल्या हव्यात. एकूण स्फुरदाचा नमुना सल्फ्युरिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणून थंड ठेवला तर २८ दिवस टिकतो. विरघळलेल्या स्फुरदाचा नमुना मात्र ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून जागेवरच गाळावा लागतो आणि ४८ तासांत तपासावा लागतो, त्यात आम्ल घालायचं नाही.

मोरी आणि चर

वरच्या उत्तराला पूर्ण पाठिंबा. एक भर: मोजणीचे आकडे येईपर्यंत हात बांधून बसायची गरज नाही. कच्चे रस्ते दुरुस्त करणं कुठल्याही निकालात वाया जात नाही. जोराच्या पावसात छत्री घेऊन पाणलोट चालून बघा आणि गढूळ पाणी ओढ्यात उतरतं त्या प्रत्येक जागेचा फोटो व स्थान नोंदवा. कोरड्या दिवसात नकाशावर बसून ही यादी होत नाही.

रस्त्याचा मध्य कडांपेक्षा उंच हवा, आडवा उतार ४ ते ६ टक्के. ४ मीटर रुंद रस्त्याला मध्य साधारण १० सेंटिमीटर उंच. रस्ता खोलगट झाला की पाणी कडेच्या चरात न जाता चाकोरीतूनच धावतं आणि रस्ताच ओढा होतो. चर रुंद आणि उथळ ठेवा. लांबीचा उतार ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर गवत पुरतं, जास्त असेल तर दगड लागतात. दगडांखाली जिओटेक्स्टाइल कापड अंथरा. ते नसेल तर पाणी दगडांखालून माती काढत राहतं आणि वरून सगळं ठाकठीक दिसतं.

चरातल्या दगडी बंधाऱ्यांची एक चूक तर जागोजागी दिसते. बंधाऱ्याचा मधला भाग कडांपेक्षा किमान १५ सेंटिमीटर खाली हवा. सपाट माथ्याचा बंधारा बांधला की पाणी कडेने वाट काढतं आणि चराचा काठच घेऊन जातं. अंतराचा हिशेब असा: खालच्या बंधाऱ्याचा माथा वरच्या बंधाऱ्याच्या पायाच्या पातळीत यावा. उंची अर्धा मीटर आणि उतार ५ टक्के असेल तर दोन बंधाऱ्यांत १० मीटर.

चर साफ करणाऱ्या यंत्रचालकाशी आधी बोला. सवयीने तो दोन्ही बाजूंसकट सगळा चर खरवडून मोकळा करतो आणि पुढच्या पावसात ती उघडी माती थेट तलावात जाते. फक्त खालचा एक तृतीयांश भाग, म्हणजे जिथून पाणी वाहतं तेवढाच काढायचा, वरच्या उतारावरचं गवत तसंच राहू द्यायचं. काम कमी, वेळ कमी, गाळही कमी. शेवटचं म्हणजे चराचं तोंड थेट ओढ्यात सोडू नका. ओढ्याच्या अलीकडे चराला फाटा काढून पाणी झाडोऱ्याच्या जमिनीवर पसरू द्या.

बांधकामांच्या जागी गाळ अडवणारं कापडी कुंपण लावतात, त्याची खालची कड १५ सेंटिमीटर खोल चरीत पुरून माती दाबलेली हवी आणि दोन्ही टोकं चढाच्या दिशेने वळवलेली. वाहत्या प्रवाहात ते आडवं लावायचंच नाही. एक तृतीयांश उंचीपर्यंत गाळ आला की काढा. आणि काठांवर झाडाझुडपांचे पट्टे लावा, सगळं तिथेच अडतं.

तळगाळ

तुरटी आणि हवेच्या यंत्रांबद्दल लिहितो. दोन्ही उपायांचा रोख बाहेरून येणाऱ्या स्फुरदावर नसतो. वर्षानुवर्षं तळाच्या गाळात साठलेलं स्फुरद परत पाण्यात येतं, त्यावर असतो. तळाशी प्राणवायू संपत आला, लिटरला १ ते २ मिलिग्रॅमच्या खाली गेला, की गाळातल्या लोहाने धरून ठेवलेलं स्फुरद सुटतं.

४ मीटर सरासरी खोलीच्या तलावात हे ओळखणं अवघड जातं. वारा असला की पाणी ढवळतं आणि तळाशी प्राणवायू ठीक दिसतो. दोन-चार दिवस वारा पडला की तळ गुदमरतो, स्फुरद सुटतं आणि पुढच्या वाऱ्याबरोबर वर येतं. म्हणून प्राणवायूची मोजणी शांत, उष्ण दिवसांनंतर पहाटे करा. वरपासून तळापर्यंत दर अर्ध्या मीटरला वाचन घ्या आणि तळाच्या अर्धा मीटर वर स्फुरदाचा वेगळा नमुना घ्या. तळातला आकडा वरच्यापेक्षा कितीतरी जास्त आला तर गाळाचा वाटा खरा आहे. नमुन्याचं भांडं गाळात टेकलं तर तो नमुना फेकून द्या.

तुरटी पाण्यात पडली की ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे पुंजके होतात, ते स्फुरद धरून तळाशी बसतात. हे पीएच ६ ते ८ च्या दरम्यानच नीट होतं. तुरटी स्वतः पाणी आम्लधर्मी करते, आणि पीएच ६ च्या खाली गेला की विरघळलेलं ॲल्युमिनियम माशांना मारतं. पाण्याची क्षारता (आम्ल पचवण्याची ताकद) कमी असेल तर सोबत सोडियम ॲल्युमिनेट द्यावं लागतं. मात्रा तळातून काढलेल्या गाळाच्या नमुन्यातलं सुटू शकणारं स्फुरद मोजून ठरवायची असते. नुसत्या क्षेत्रफळावर दर लावणाऱ्या प्रस्तावाला नकार द्या. ओढ्यांचा भार तसाच राहिला तर नवा गाळ त्या थरावर बसतो आणि खर्च वाया जातो.

हवेच्या यंत्रांची क्षमता कमी पडली तर उलटाच परिणाम होतो: तळाचं स्फुरदयुक्त पाणी वर येतं आणि प्राणवायू मात्र पुरत नाही. मोरचुदाची कोणी शिफारस केलीच तर ऐकू नका. त्याने शेवाळाच्या पेशी फुटतात, आतलं विष एकदम पाण्यात येतं आणि तांबं गाळात साठत जातं.

काठाशी साचणाऱ्या थराचं वर्णन नीलहरित जिवाणूंचं वाटतं. हातमोजे घालून काचेच्या बरणीत पाऊण बरणी पाणी घ्या, न हलवता रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. हिरवा थर वर तरंगला तर शक्यता दाट, तळाशी बसला तर बहुधा साधं शेवाळ. पण विष आहे की नाही हे बरणी सांगत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. तोवर तिथे पोहणं बंद, कुत्री-गुरं लांब. हे पाणी उकळून प्यायला देऊ नका. या जिवाणूंचं विष, मायक्रोसिस्टिन, उकळून नष्ट होत नाही.

काठावरून

खूप आभार. दोन प्रश्न उरतात. शेतकऱ्यांकडून काठाचे पट्टे सोडून आणखी काय मागायचं? आणि भाराचे आकडे आलेच तर तिन्ही संस्थांनी कपात कशी वाटून घ्यायची?

मातीकस

काठाच्या पट्ट्यांत "सगळं अडतं" हे पटत नाही, आणि हा मुद्दा महत्त्वाचा आहे. पट्टा अडवतो तो मातीच्या कणांना चिकटलेला स्फुरद, तोही पाणी पातळ थराने पसरून आलं तरच. प्रत्यक्षात शेतातलं पाणी दोन-तीन घळींत गोळा होतं आणि पट्टा भेदून सरळ निघून जातं. आधी त्या घळी शोधून तिथे गवताचा रुंद, उथळ प्रवाहमार्ग करायला हवा. विरघळलेला स्फुरद तर पट्ट्यातून बराचसा तसाच जातो, आणि जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या असतील तर पाणी पट्ट्याच्या खालूनच ओढ्यात पोचतं.

ईरी सरोवरात हेच घडलं. १९७२ च्या अमेरिका-कॅनडा करारानंतर सांडपाण्यातला स्फुरद कमी झाला, वर्षाला ११,००० टनांचं उद्दिष्ट १९८० च्या दशकात गाठलं गेलं, सरोवर सुधारलं. नंतर १९९० च्या दशकाच्या मध्यापासून मॉमी नदीतून येणारा विरघळलेला स्फुरद वाढत गेला. पृष्ठभागावर फेकलेलं खत, न नांगरलेली जमीन आणि भूमिगत निचरा या तिन्हींचा त्यात हात होता. ऑगस्ट २०१४ मध्ये याच सरोवराचं पाणी घेणाऱ्या टोलीडो शहराला नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. एकूण स्फुरद जवळपास तोच होता, त्यातला विरघळलेला भाग बदलला होता. म्हणून तुमच्या ओढ्यांत दोन्ही स्वतंत्र मोजा.

शेतकऱ्यांकडे मागणी घेऊन जाऊ नका, माती परीक्षणाची सोय घेऊन जा. मातीत स्फुरद पुरेसा असेल तर त्या हंगामात खत कमी टाकल्याने त्यांचाही पैसा वाचतो. खत वर न फेकता बियाण्याजवळ, ५ सेंटिमीटर खोल द्यायचं. दमदार पावसाचा अंदाज असेल तर खत एक-दोन दिवस पुढे ढकलायचं. शेणखत भिजून चिंब झालेल्या जमिनीवर टाकायचं नाही. आणि शेतवार आकडे कधीही जाहीर करू नका. ओढ्यावरचा आकडा सर्वांचा, शेताचा आकडा त्या शेतकऱ्याचा. एकदा नाव घेऊन फलक लागला की पुढे कोणी शेतात पाऊल ठेवू देत नाही.

सामाईक पाणी

वाटणीबद्दल. आधी एकूण किती कमी करायचं ते ठरवा. तुमच्या आकड्यांवर कच्चा हिशेब असा: तलावात ४८ लाख घनमीटर पाणी. वर्षाचा अपधाव (जमिनीवरून वाहून येणारं पावसाचं पाणी) ३० सेंटिमीटर धरला तर १८०० हेक्टरमधून ५४ लाख घनमीटर येतं, म्हणजे पाणी साधारण ०.९ वर्ष तलावात राहतं. येणाऱ्या पाण्यात सरासरी लिटरला ८० मायक्रोग्रॅम स्फुरद असेल तर वर्षाला ४३२ किलो झालं. फोलेनवायडर या तलावशास्त्रज्ञाच्या सूत्रानुसार येणाऱ्या तीव्रतेला १ अधिक मुक्कामाच्या वर्षांचं वर्गमूळ याने भागायचं, म्हणजे १.९४ ने. तलावात साधारण ४१ मायक्रोग्रॅम येतं. २५ वर आणायचं असेल तर येणारा भार २६२ किलोवर, म्हणजे १७० किलोने खाली आणावा लागेल. अपधाव आणि ८० चा आकडा माझा गृहीत आहे, तिथे तुमची मोजणी घाला. आणि सूत्राने आलेल्या आकड्यापेक्षा तलावात कायम जास्त सापडलं, तर फरक बहुधा गाळातून येतो.

मग वाटणी. हद्दीच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाटू नका, जंगल राखणाऱ्यावर तो अन्याय होतो. प्रत्येक हद्दीतून आज येणाऱ्या भाराच्या प्रमाणात वाटा. शँप्लेन सरोवराच्या मिसिस्कॉई उपसागरासाठी अमेरिकेतलं व्हरमाँट आणि कॅनडातलं क्वेबेक यांनी २००२ मध्ये ६० आणि ४० टक्के अशी लेखी वाटणी केली. युरोपातल्या कॉन्स्टन्स सरोवराभोवतीच्या देशांनी १९५९ मध्ये संयुक्त आयोग नेमला. तिथे स्फुरद १९७९ च्या सुमारास ८० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं होतं, आता १० च्या खाली आहे. मधली वर्षं सांडपाणी प्रक्रियेच्या कामात गेली.

ओढ्यावर जिथे हद्द बदलते तिथे एक मोजणीची जागा हवीच, नाहीतर बोट दाखवणं थांबणार नाही. तिघांचे नमुने एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने. करारनाम्यात तीन गोष्टी लिहा: आकडे कोणाच्या ताब्यात, किती दिवसांत जाहीर करायचे, आणि मोजणीचा खर्च एखाद्या संस्थेने थांबवला तर काय. मोजणीत एक वर्ष खंड पडला की काम झालं की पाऊसच कमी होता, हे सांगता येत नाही.

लोकांना वेळेचाही खरा अंदाज द्या. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन सरोवरातून सांडपाणी १९६३ ते १९६८ दरम्यान टप्प्याटप्प्याने बाहेर वळवलं. १ मीटरवर आलेली पारदर्शकता १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ३ मीटरच्या वर गेली. ते खोल सरोवर होतं आणि स्रोत मोजके, पाईपातून येणारे. तुमचा तलाव उथळ आणि स्रोत विखुरलेले, तेव्हा जास्त धीर धरावा लागेल.

शोषक्षेत्र

सेप्टिक टाक्यांचं कोणीच लिहिलं नाही. तळाचा गाळ आणि वरची साय मिळून टाकीचा एक तृतीयांश भरला की उपसा, घरात किती माणसं यावर हे साधारण ३ ते ५ वर्षांनी येतं. पण उपसा केल्याने शोषक्षेत्र, म्हणजे टाकीतलं पाणी चरांतून जमिनीत मुरतं ती जागा, सुधारत नाही. शोषचरांखाली भूजलापर्यंत ६० ते ९० सेंटिमीटर तरी कोरडी माती हवी. तलावाची पातळी वर असते तेव्हा खड्डा घेऊन बघा. चर पाण्यात बुडलेले असतील तर टाकी कितीही स्वच्छ असो, सांडपाणी जवळजवळ थेट तलावात जातं. माती स्फुरद काही काळ धरते, म्हणून काठाजवळच्या, वाळूच्या जमिनीतल्या जुन्या टाक्या आधी तपासा. शोषक्षेत्रावर गाड्या उभ्या करू देऊ नका, माती दबली की पाणी वर येतं.

काठावरून

पुराचे नमुने मध्यरात्री कोण घेणार हा पेच आहे. शिवाय जवळची प्रयोगशाळा म्हणते, त्यांची शोधमर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. चालेल का?

ओढेमोज

चालणार नाही. ०.०५ मिलिग्रॅम म्हणजे ५० मायक्रोग्रॅम. तुमचं उद्दिष्टच २५ च्या आसपास असेल, तर तलावाचा प्रत्येक अहवाल "आढळले नाही" असा येईल आणि कोणीतरी तो सभेत दाखवून तलाव स्वच्छ असल्याचं सांगेल. ०.००५ किंवा त्याखालची मर्यादा असलेली प्रयोगशाळा शोधा, लांबची असली तरी. आम्ल घातलेला नमुना २८ दिवस टिकतो, तेव्हा पाठवायला वेळ आहे. अहवालात आकडा स्फुरद म्हणून आहे की फॉस्फेट म्हणून, हेही लेखी विचारून घ्या. फॉस्फेटच्या आकड्याला ३.०७ ने भागल्यावर स्फुरद येतं. हे न बघता दोन प्रयोगशाळांचे आकडे एका आलेखात घातले की एका ओढ्यावर तिप्पट प्रदूषणाचा आळ येतो.

मध्यरात्रीसाठी ओढ्यात भक्कम खांब रोवून त्यावर वेगवेगळ्या उंचीवर बाटल्या बांधा. प्रत्येक बुचातून दोन नळ्या, एक पाणी आत यायला, दुसरी त्याहून उंच, हवा बाहेर जायला. पाणी चढत त्या उंचीला पोचलं की बाटली आपोआप भरते. खांब मुख्य धारेपासून थोडा बाजूला आणि वाहून येणाऱ्या फांद्यांपासून वाचेल असा रोवा. या बाटल्या फक्त चढत्या पुराचे नमुने देतात आणि तेव्हाच गाळ सर्वांत जास्त असतो. त्यामुळे सकाळी ओसरत्या पाण्याचे दोन-तीन नमुने हाताने घेतले नाहीत तर भार फुगून दिसेल. बाटल्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत काढा. उशीर झाला तर त्यांतून एकूण स्फुरदच तपासा, विरघळलेला नको.